जी. बी. पंत हॉस्पिटल, पोर्ट ब्लेअर: सेल्युलर जेलच्या शेजारचा दवाखाना

अंदमानला जाणाऱ्या मराठी ग्रुपमधे एक वाक्य हमखास कानावर पडतं. सावरकरांच्या कोठडीपुढे डोकं टेकवून झालं, फोटो झाले, की कुणीतरी शेजारच्या बिल्डिंगकडे बोट दाखवून म्हणणार, "जेल पाडून हॉस्पिटल बांधलं बघा या लोकांनी". आमच्या ग्रुपमधल्या काकांनी तर दातओठ खाऊन म्हटलं. मी पण मान डोलावली, उगाच वाद कशाला. पण त्याच ट्रिपमधे सासूबाईंना घेऊन त्या बिल्डिंगमधे जायची वेळ आली आणि आता मला या विषयावर बोलायचंय.

झालं असं की नील बेटावर (सरकारी नाव शहीद द्वीप) तो नॅचरल ब्रिज आहे ना, तो ओहोटीच्या वेळेलाच बघता येतो आणि तिथपर्यंत मेलेल्या पोवळ्यांच्या दगडांवरून चालत जावं लागतं, शेवाळं असतं, खड्डे पाण्याने भरलेले, आणि आमच्या टूरवाल्यांनी (नाव नाही घेत) सकाळी निघताना चपला की बूट यातलं काही म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं. आई (सासूबाई) घसरल्या आणि हातावर पडल्या. मनगट बघता बघता फुगलं. टूर मॅनेजरचं म्हणणं, सरकारी दवाखान्यात नका जाऊ, बर्फ लावा, पोर्ट ब्लेअरला गेल्यावर हॉटेलवर डॉक्टर बोलावू. मोडलेल्या हाडाला हॉटेलच्या खोलीत डॉक्टर काय करणार ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आम्ही सरळ नीलच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरने सगळ्यात आधी काय केलं असेल तर बांगड्या काढल्या. आई तयारच नाहीत, पाटल्या लग्नातल्या, आजवर हातातून उतरलेल्या नाहीत. सिस्टरने साबण चोळून, बोलण्यात गुंतवून एकेक करून उतरवल्या आणि माझ्या हातात दिल्या, म्हणाली अजून थोडा वेळ गेला असता तर सूज वाढून कापाव्या लागल्या असत्या. हे लक्षात ठेवा, हाताला लागलं की अंगठ्या बांगड्या पहिल्या काढायच्या. मग फळी, झोळी, वेदनाशामक इंजेक्शन, आणि सांगितलं की फेरी पकडून पंतला जा, तिथे हाडांचे डॉक्टर भेटतील. तिकडे सगळे नुसतं "पंत" म्हणतात.

जेट्टीवरून रिक्षा केली, चढावर अटलांटा पॉइंटला हॉस्पिटल. (शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय पण आमचा रिक्षावाला पोर्ट ब्लेअरच म्हणत होता.) कॅज्युअल्टीत केसपेपर काढला आणि लगेच दोन शिकाऊ मुलं आली प्रश्न विचारायला. एक मुलगी रंगतची होती, मधल्या अंदमानातली. "अम्मा, गिरी कैसे?" आईंनी आपल्या खास हिंदीत सांगितलं, "वो दगड पे पाय सरक्या". मुलगी हसली नाही, नीट लिहून घेतलं, साखर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आधी कधी पडला होतात का. मग सिनियर आले आणि त्यांनी तिलाच विचारलं, एक्स-रेत काय दिसतंय सांग. आईंना वाटलं आपल्यावर परीक्षा चालू आहे, म्हणजे होतीच. पण त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकायला मिळालं, कुठलं हाड, किती सरकलंय, ऑपरेशन का नको. आमच्याकडच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलमधे एवढं कुणी समजावून सांगत नाही आणि बिल मात्र हातभर.

भूल देऊन हाड ओढून बसवलं, परत एक्स-रे काढला. आमचं परतीचं विमान होतं हे सांगितल्यावर डॉक्टरांनी पूर्ण गोल प्लास्टर न करता एका बाजूने स्लॅब लावून वर बँडेज गुंडाळलं, कारण ताजी सूज असताना घट्ट प्लास्टर घालून विमानात बसलं तर बोटांचं रक्त अडू शकतं. बोटं हलवत राहा, हात उशीवर उंच ठेवा, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच परत या, घरी गेल्यावर आठवड्याभरात ऑर्थोला दाखवून पुन्हा एक्स-रे. सगळं कागदावर लिहून दिलं. पुण्यातल्या डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि म्हणाले छान बसवलंय, मला काही करायचंच नाही.

आता त्या जेल पाडण्याविषयी. जेलच्या मूळ सात विंग, आता तीनच उभ्या आहेत हे खरं. पण सगळं काही हॉस्पिटलसाठी पाडलं असं नाही, १९४१ च्या भूकंपात पडझड झाली, मग जपानी आले त्यांनी पाडापाडी केली, स्वातंत्र्यानंतर आणखी पाडलं, आणि १९६३ मधे त्या आवारात हे हॉस्पिटल सुरू झालं. जुन्या राजबंद्यांनी विरोध केला म्हणून उरलेलं वाचलं आणि १९७९ मधे राष्ट्रीय स्मारक झालं. वाचलं ते फार चांगलं झालं, तिथे उभं राहून माझेही डोळे भरून आले होते. पण काकांसारखं दवाखान्यावर दात खाणं मला आता जमणार नाही.

कारण ही बेटं किती लांबवर पसरलीयेत ते नकाशात बघा. उत्तरेला दिगलीपूर, रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या जंगलातून, गाड्या कॉनव्हॉयनेच (एकत्र ताफ्याने) सोडतात. दक्षिणेला ग्रेट निकोबारचं कॅम्पबेल बे पाचशे किलोमीटरच्याही पलीकडे, जहाजाने जायचं तर दिवस मोडतात. गावोगावी छोटी केंद्रं आहेत, पण अवघड केस शेवटी पंतलाच, कधी बोटीने तर कधी हेलिकॉप्टरने. वेटिंगमधे आमच्या बाकावर निकोबारी आजोबा, पलीकडे बंगाली कुटुंब, एक तमिळ बाई, आणि सगळ्यांची आपसात हिंदी, जिचं व्याकरण आईंच्या हिंदीपेक्षा फार वेगळं नव्हतं. १९९६ मधे पाय मोडलेल्या एका जारवा मुलाला इथेच ठेवून बरं केलं होतं, आणि जारवा लोक पुढच्या वर्षी आपणहून जंगलाबाहेर यायला लागले त्याची सुरुवात तिथून धरतात. त्यांचं त्यात भलं झालं की नाही हा वेगळाच विषय.

या हॉस्पिटलला जोडलेलं मेडिकल कॉलेज २०१५ पासून, पाँडिचेरी विद्यापीठाशी जोडलेलं. त्याआधी इथल्या पोरांना डॉक्टर व्हायचं तर मेनलँड गाठायला लागायचं, म्हणून ती रंगतची मुलगी आपल्याच माणसांना तपासते हे मला भारी वाटलं.

पाच पैकी चार देते. पाच नाही कारण हृदयाचं वगैरे मोठं काही निघालं तर पेशंटला चेन्नईला पाठवावं लागू शकतं, म्हणजे तेराशे किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडून, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच डोक्यात ठेवावं. हार्ट पेशंट असेल तर जायच्या आधी आपल्या गावीच तपासून घ्या, ट्रॅव्हल इन्शुरन्समधे विमानाने हलवायचा खर्च आहे का ते वाचा, जुने रिपोर्ट मोबाईलमधे आणि गोळ्या हँडबॅगेत ठेवा, बोटीच्या सामानात नको. आणि नीलला मागे पट्टा असलेले, रबरी तळाचे सँडल घाला, टूरवाला सांगो न सांगो.