भरीव, कप्प्यांची की एफ-होलची? बेळगावात गिटार करून घेण्याआधी

इलेक्ट्रिक गिटार स्वतः करायची किंवा मिस्त्रीकडून करून घ्यायची ठरली, की पहिला प्रश्न हमखास हाच येतो: बॉडी आतून पोकळ करायची का? म्हणजे सलग लाकडाची भरीव, आत कप्पे कोरून वर फळी चिकटवलेली, की वर इंग्रजी एफच्या आकाराची उघडी भोकं (एफ-होल) ठेवलेली? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं, की गणपतीत मंडळाच्या स्टेजवर चार तास उभं राहून वाजवलं तरी खांदा भरून येऊ नये. म्हणून वजनापासूनच सुरुवात करतो.

फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारच्या आकाराची बॉडी घ्या. क्षेत्रफळ साधारण ८०० चौरस सें.मी., जाडी ४५ मि.मी., म्हणजे ३६०० घन सें.मी. लाकूड. वाळलेलं सागवान घन सेंटिमीटरला ०.६५ ग्रॅमच्या आसपास भरतं. भरीव बॉडी झाली २.३ किलोची. आता दोन्ही बाजूंना मिळून २०० चौरस सें.मी.चे कप्पे ३२ मि.मी. खोल कोरले, तर ४०० ग्रॅमपेक्षा थोडं जास्त लाकूड निघतं. उरले १.९ किलो. हीच बॉडी शिवण या हलक्या लाकडाची, भरीव केली तर? शिवण वाळल्यावर ०.४८च्या जवळपास असते, म्हणजे १.७ किलो. एकही कप्पा न कोरता शिवण ही कोरलेल्या सागवानापेक्षा हलकी पडते. फक्त वजनच कमी करायचं असेल तर राऊटर (लाकूड कोरायचं यंत्र) हातात घेण्याआधी वखारीत जाऊन लाकूड बदला. फेंडरने १९६८ साली आतून पोकळ केलेली टेलिकास्टर थिनलाइन काढली, तेव्हा त्यांनाही जड ॲश लाकडाचाच त्रास होता. आपल्याकडे तो त्रास विकत घेण्याची गरज नाही.

शिवणीची अडचण वेगळी आहे. ती मऊ. नखाने दाबलं तरी खूण उठते, आणि ब्रिजचे (तारा टेकतात त्या घोडीचे) स्क्रू दोन-तीनदा काढले-घातले की भोक सैल होतं. म्हणून ब्रिजखाली आणि मानेच्या खाचेत कठीण लाकडाचा तुकडा बसवावा, किंवा वर सागवानाची ६ मि.मी.ची फळी चढवावी. फणस या दोघांच्या मधला: वजनाने सागवानाहून थोडा हलका, शिवणीहून कणखर, आणि कोरताना पिवळाधमक भुसा पडतो. तो पिवळा रंग पुढे तपकिरी होत जातो, हे आवडेल का ते आधी ठरवा. तंजावरची वीणा याच लाकडाची होते, तेव्हा वाद्याचं लाकूड म्हणून त्याची परीक्षा कधीच झालेली आहे.

मग कप्पे कशासाठी?

आवाजासाठी. पण इथे मिरजेच्या सतारीचा हिशोब लावू नका. सतारीत तारेचा कंप घोडीवरून तबलीत, म्हणजे वरच्या पातळ फळीत, उतरतो आणि तबली हवा हलवते. भोपळा पोकळ असण्याला तिथे मोठा अर्थ आहे. इलेक्ट्रिकमध्ये पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक-कॉइल, ऐकतो तो तारेलाच. बॉडीची पोकळी तारेच्या कंपनावर परिणाम करते, पण ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडताना तो फरक पिकअप बदलण्याच्या फरकापुढे लहान असतो. हे मी दोन गिटारी करून सांगतोय, एक भरीव आणि एक कप्प्यांची, दोन्हींत पिकअपचा संच एकच.

तरीही कप्प्यांचीच माझ्या हातात जास्त राहते. वायर न जोडता रात्री घरात वाजवली तरी स्वर भरून ऐकू येतो, आणि खर्जाची तार छेडली की बरगडीला बॉडी थरथरलेली जाणवते. तार वाजते पटकन, विरतेही जरा लवकर. लांब सूर धरून सोलो वाजवणाऱ्याने भरीवच घ्यावी. कॉर्ड आणि तुटक साथ वाजवणाऱ्याला कप्पे मानवतात.

एफ-होल ही तिसरी वाट. गिब्सनने १९५८ साली आणलेल्या ई-एस ३३५मध्ये दोन्ही बाजू पोकळ, पण मधोमध लाकडाचा ठोकळा ठेवला, तो फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून होणारी शिट्टी) आवरावा म्हणूनच. ठोकळा असूनही उघड्या भोकांची गिटार मॉनिटरसमोर (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर) शिट्टी मारायला लागते, हे आपल्या स्टेजवर फार लवकर कळतं. तिथे स्पीकर पायाशी आणि वादक दाटीने उभे. घरी, चर्चमध्ये किंवा रेकॉर्डिंगला वाजवायची असेल तर एफ-होल जरूर घ्या, दिसतेही देखणी. मंडळाच्या स्टेजसाठी मी ती सुचवणार नाही. तिथे बंद कप्पे किंवा भरीव. सिंगल-कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपची विजेच्या लाइनमुळे येणारी ५० हर्ट्झची गुणगुण मात्र कप्प्यांनी कमी होणार नाही. पिकअपच्या खाचेत तांब्याची पट्टी लावून ती अर्थ केली तर खरखर कमी होते, पण ही गुणगुण घालवायला हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, लागतो.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. बॉडी फार हलकी झाली की मान खाली झुकते आणि डावा हात ती सावरण्यातच अडकतो. पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या काडीच्या) जवळ येईल असं वरचं शिंग लांब ठेवा, आणि ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) हलके घ्या. सागवानाची मान करायचा मोह टाळा.

करायची कुठे

मान विकतची तयार घ्या, निदान पहिल्या गिटारीला. फेंडर पद्धतीच्या मानेला ५६ मि.मी. रुंद, १६ मि.मी. खोल खाच पुरते. शिसवीची फ्रेटपट्टी मिळाली तर उत्तम. ते आपल्या सह्याद्रीतलंच झाड.

बॉडीसाठी उद्यमबागेतल्या मशीन शॉपकडे जावंसं वाटतं, पण ती यंत्रं धातूची. लाकडाचा भुसा कूलंटमध्ये गेला की चिखल होतो, त्यामुळे पुष्कळ जण नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. दरवाजे-देव्हाऱ्यांवर नक्षी काढणारे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) राऊटरवाले जास्त उपयोगी. मोजमापाची डीएक्सएफ फाइल (संगणकावरचा आराखडा) द्या, कप्प्याच्या तळाला आणि वरच्या फळीला ६ मि.मी., कडेच्या भिंतीला निदान १२ मि.मी. आणि मधल्या ठोकळ्याला ९० मि.मी. रुंदी धरा. सुताराकडून हाताने करायचं असेल तर आधी मोठ्या बिटाने भोकं पाडून लाकूड काढा, मगच राऊटर फिरवा. सागवान बिटाची धार फार लवकर खातं. जुन्या वाड्याचं तुळईचं लाकूड घेतलंत तर चुंबक फिरवून खिळे शोधा.

आणि फळी चिकटवण्याआधी वायरींची भोकं पाडा. मी ती विसरलो होतो. फळी बसली, क्लॅम्प सुटले, आणि मग लक्षात आलं की पिकअपपासून नॉबच्या खाचेपर्यंत वाटच नाही. लांब बिट मानेच्या खाचेतून तिरकं घालून दोन तासांनी वाट निघाली, पण बिट वर सरकलं असतं तर ६ मि.मी.ची फळी आरपार गेली असती. हातासाठी वरची कडा तासायची असेल तर तिच्याखाली कप्पा नाही ना, हेही तेव्हाच बघा.

कधी

भरीव बॉडी आपल्या पावसात फारशी तक्रार करत नाही. कप्प्यांची करते, कारण पातळ फळी ओल शोषून हलते आणि जोड उघडू पाहतो. खानापूर-जांबोटीच्या बाजूला राहत असाल तर हे जास्तच. लाकूड फेब्रुवारीत आणा, घरात पट्ट्यांवर उभं-आडवं हवा लागेल असं ठेवा आणि दर रविवारी काट्यावर तोला. वजन सलग तीन आठवडे घटलं नाही की कोरायला घ्या. सागवान तेलकट असतं, तेव्हा चिकटवायचा भाग त्याच दिवशी थिनरने पुसा. लॅकर मारायचं ते मिरगाच्या आधी. दमट हवेत मारलं की त्यावर पांढुरका थर येतो. मे महिना हुकला तर बॉडी तशीच कपड्यात गुंडाळून दिवाळीपर्यंत ठेवा.