बाबांच्या रिव्हॉल्व्हरची किंमत ठरवायला आलेला माणूस

माझे बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूल रूमला होते आणि रविवारी वरळीच्या रेंजवर नेमबाजीला जायचे. 1971 साली त्यांनी एका वयस्कर पारशी नेमबाजाकडून परवान्यावर रीतसर एक रिव्हॉल्व्हर घेतलं. स्मिथ अँड वेसनचं के-22 मास्टरपीस, .22 बोअर, सहा इंची नळी. खास निशाण्यासाठी बनवलेलं. दर रविवारी रात्री जेवणं झाली की वर्तमानपत्र पसरून ते साफ करायला बसायचे. त्या तेलाचा वास अजून नाकात आहे.

बाबा गेल्या वर्षी गेले. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही, म्हणून ते आम्ही पोलिसांना कळवून एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केलं, पावती घेतली. भावाकडे परवाना नाही, त्याला हौसही नाही. वारसांना ते परवाना असलेल्या माणसाला विकता येतं. एखाद्या जाणकार संग्राहकाकडे जावं, एवढीच आईची इच्छा होती.

ओळखीतून वाशीच्या एका माणसाचं नाव कळलं. जुन्या शस्त्रांची किंमत ठरवून देतो, संग्राहकांशी संबंध आहेत, असं. पहिल्याच फोनवर त्याने विचारलं, "मूळ खोका आहे का? मूळ मुठी?" रिव्हॉल्व्हरची हालत कशी आहे, हे नंतर विचारलं. तेव्हाच खटकायला हवं होतं.

मुठींचं सांगते. बाबांचा पंजा मोठा. त्यांनी स्वतः शिसवीच्या मुठी घडवून बसवल्या होत्या आणि अक्रोडाच्या मूळ मुठी कागदात गुंडाळून खोक्यात ठेवल्या होत्या. सोबत मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, जुळवायचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि 1971 ची विक्रीची पावती. हे सगळं चरईतल्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात.

तो आधी विक्रेत्याच्या दुकानात आला. भिंग, टॉर्च, पांढरे हातमोजे. अर्ध्या तासाने मान हलवून म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, हे जोडकाम आहे." के-22 मास्टरपीसचा नंबर 'के' अक्षराने सुरू होतो, यावर ते अक्षरच नाही. मास्टरपीसच्या नळीवर वरून उंच पट्टी असते, इथे नळी साधी गोल आहे, म्हणजे नळी बदललेली. आणि ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, पुन्हा केलेलं आहे. लेटरहेडवर अहवाल दिला, आठ हजार रुपये घेतले. किंमत लिहिली एक लाख चाळीस हजार. वर म्हणाला, पनवेलला माझ्याकडे परवानाधारक गिऱ्हाईक तयार आहे.

आम्ही हो म्हटलं. शस्त्र कायद्यानुसार विक्रीचा इरादा आधी लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर निदान 45 दिवस थांबावं लागतं. तसा अर्ज दिला. त्याच संध्याकाळी तो घरी आला, चहा घेतला आणि आईला म्हणाला, "काकू, नाहीतरी सगळं एकत्रच जाणार. गिऱ्हाईकाला खोका आणि मुठी दाखवून आणतो." आईने बाबांच्याच कापडी पिशवीत घालून दिलं. मी तिथेच बसले होते. पावती मागायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डोंबिवलीहून बाबांचे रेंजवरचे जुने सोबती भेटायला आले. त्यांना आम्ही काकाच म्हणतो. मी अहवाल पुढे केला. त्यांनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचला आणि म्हणाले, "अगं, याने प्रत्येक वाक्य अर्धं खरं लिहिलंय."

मग त्यांनी जे समजावलं ते मी जमेल तसं लिहिते, कारण असं रिव्हॉल्व्हर आणखी कुणाच्या घरी असू शकतं. 'के' अक्षर या बनावटीच्या नंबरांपुढे आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. नळीवरची पट्टीही युद्धानंतरच्या मास्टरपीसवरची. पण मास्टरपीस त्याआधी, 1940 मध्येही निघालं होतं. त्याआधीचं के-22 आउटडोअर्समन 1931 पासून मिळत होतं. 1940 च्या मॉडेलमध्ये हॅमरची, म्हणजे घोड्याची, चाल आखूड केली आणि मागच्या साइटला टिकटिक करत फिरणारे बारीक स्क्रू दिले. कारखाना लवकरच युद्धाच्या कामाला जुंपला गेला, त्यामुळे हे मॉडेल जेमतेम 1067 नग बनून थांबलं. त्यांचे नंबर 682420 ते 696952 या टप्प्यात येतात, पुढे कुठलंही अक्षर नाही, आणि नळी साधी गोल. आमचा नंबर 69 ने सुरू होतो. म्हणजे ज्या दोन गोष्टी तो दोष म्हणून दाखवत होता, त्याच याच्या दुर्मिळपणाच्या खुणा होत्या.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याबरोबर दुकानात आले. विक्रेत्याच्या माणसाने ते रिकामं असल्याची खात्री करून सिलिंडर बाहेर काढून धरला आणि भिंगाखाली नंबर वाचले. मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या बाजूला. तिन्ही एकच. जोडकाम असतं तर ते जुळले नसते. ब्लूइंगबद्दल काकांनी मला नळीवरची अक्षरं दाखवली. पुन्हा पॉलिश मारलं की अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडतो. इथे अक्षरं नखाला लागत होती. हॅमर आणि ट्रिगरवर निळ्या-तपकिरी ढगांसारखी छटा अजून तशीच होती. हे भाग कडक करताना उमटणारी छटा आहे, त्यांच्यावर निळं ब्लूइंग चढवलेलं दिसलं की समजायचं, कुणीतरी हात फिरवलाय.

मग काकांनी विचारलं, "मूळ मुठी?" मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या काळात मुठीची लाकडं ज्या त्या रिव्हॉल्व्हरवर बसवून घासली जायची आणि उजव्या पाखीच्या, म्हणजे मुठीच्या उजव्या फळीच्या, आत नंबर लिहिला जायचा. आमच्या पाखीवर तो पेन्सिलीने लिहिलेला होता, लहानपणी बाबांनी मला दाखवला होता. खोक्याच्या तळाशीही तोच नंबर. परदेशी शस्त्रं सर्वसामान्य परवानाधारकाला 1980 च्या दशकापासून आयात करता येत नाहीत, त्यामुळे इथे जे आहे ते आधीच मोजकं. त्यात नंबर जुळणाऱ्या मुठी, खोका, स्क्रू-ड्रायव्हर आणि कागद एकत्र असतील तर संग्राहक त्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो. आणि यातली एकही वस्तू शस्त्र नाही. ती नेताना कुणी परवाना विचारत नाही, कुठे नोंद होत नाही. रिव्हॉल्व्हरला कायद्याचं कुलूप होतं. पिशवीला कसलंच नव्हतं.

मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "आणून देतो." चार दिवसांनी कुरियरने एक पुठ्ठ्याचा खोका आला, तळ कोरा. आत मुठी होत्या, त्याही अक्रोडाच्या, पण नव्या. आतून लाकूड पांढरट, नंबर नाही, आणि रिव्हॉल्व्हरवर धरल्या तर मागे नखभर बाहेर येत होत्या. पावती नाही, स्क्रू-ड्रायव्हर नाही. पुन्हा फोन केला तर म्हणतो, "तुम्ही दिलं तेच दिलंय." आणि पुढे, "अँटिक म्हणून बिनापरवाना घेणारे आहेत, दुप्पट देतील, बघा." हे तर सरळ तुरुंगात नेणारं आहे. जुनं म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला. बाबांचं रिव्हॉल्व्हर आजही अचूक चालतं.

45 दिवस संपायला दोन आठवडे होते. आम्ही विक्री थांबवल्याचं लेखी कळवलं, म्हणून रिव्हॉल्व्हर वाचलं. पोलिसांत अर्ज दिला आहे. तिथे पहिला प्रश्न आला, वस्तू दिल्याचा पुरावा काय? आमच्याकडे आईची साक्ष आहे आणि बाबांनी काढलेला एक फोटो, त्यात खोका उघडा आहे.

तुमच्या घरी असं काही असेल तर किंमत ठरवणाऱ्याला गिऱ्हाईक आणू देऊ नका, आणि गिऱ्हाईकाला किंमत ठरवू देऊ नका. खोका, मुठी, कागद यांचे आतून-बाहेरून फोटो काढा, नंबर वाचता येतील असे. शस्त्राइतकेच ते सांभाळा. कंपनीच्या इतिहास प्रतिष्ठानाकडून शुल्क भरून त्या नंबरचं रिव्हॉल्व्हर कधी कारखान्यातून बाहेर पडलं याचं पत्र मिळतं, तेही आधी मागवा. आम्ही आता मागवलं आहे.

आई अजून त्या संध्याकाळबद्दल बोलते. "मी स्वतःच्या हाताने दिलं गं," म्हणते. मी तिला सांगते, आपण दोघींनी दिलं.

संग्राहक हे वाचत असतील तर एवढं लक्षात ठेवा. अक्रोडाच्या मुठींची जोडी, उजव्या पाखीच्या आत पेन्सिलीने 69 ने सुरू होणारा सहा आकडी नंबर. डाव्या पाखीच्या खालच्या कोपऱ्याला गव्हाच्या दाण्याएवढा टवका, 1978 साली वरळीला फरशीवर पडल्याचा. निळी कापडी पिशवी, तिच्या बंदाला आईने घातलेली लाल दोऱ्याची टीप. कुणी विकायला आणलं तर घेऊ नका, पोलिसांना कळवा.