एकदम उलटे की एकसारखेच? पोह्याच्या दोन गाड्या आणि माझे दोन ड्राफ्ट

कॉमेडी लिहायची, दोन हिरो, दोघांचं एकमेकांशी वाकडं, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. अडतं ते पुढे, की हे दोघं एकमेकांच्या एकदम उलटे ठेवायचे का जवळजवळ एकसारखे? मी एकाच गोष्टीवर दोन्ही करून बघितलंय, इंदूरात राजवाड्याजवळ पोह्याच्या दोन गाड्या समोरासमोर, एवढंच. ज्याला ठरवायचंय त्याच्या कामी येईल म्हणून सांगतो.

पहिल्या ड्राफ्टमध्ये उलटी जोडी होती. बँकेतून रिटायर झालेले अण्णा, कांदा फोडणीत परतून, शेंगदाणे, वरून ओलं खोबरं, अगदी घरचे कांदेपोहे, आणि प्लेट काट्यावर तोलून देणार. समोर गुड्डू, पक्का इंदूरी, पोहे उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर वाफेवर ठेवलेले, कांदा कच्चा, शेव मुठीने, आणि जीरावन, म्हणजे पोह्यांवर टाकायचा इंदूरी मसाला, असा उडवणार की शेजारच्या गिऱ्हाइकाला शिंक. याचा फायदा हा की काही समजावून सांगावं लागत नाही, पहिल्या पानावर दोघं दिसले की भांडण कळलं. बोलण्यातून जोक तर फुकटच मिळतात, अण्णा म्हणणार 'कृपया रांगेत या', गुड्डू म्हणणार 'आओ भिया'. ही युक्ती जुनीच आहे म्हणा, संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक प्राकृत, तोंड उघडलं की कोण कुठला ते समजतं.

घोळ कळला 40व्या पानावर. स्क्रीनप्लेचं एक पान म्हणजे साधारण 1 मिनिट धरतात, म्हणजे 40 मिनिटं झाली आणि प्रत्येक सीन तोच, अण्णा नियम सांगतात, गुड्डू मोडतो, अण्णा चिडतात. मित्राला वाचून दाखवत होतो तर तो पुढचा डायलॉग माझ्या आधी बोलायला लागला, चहा पीत पीत. मी स्वभाव उलटे लिहिले होते पण कुणाला काय हवंय तेच लिहिलं नव्हतं. एकाला शिस्त पाहिजे, एकाला मजा, मग भांडायचं कशाला, अण्णा तिकडे तोलत बसतील आणि गुड्डू इकडे खुशाल शेव उडवेल.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये सगळं मोडलं. दोघं चुलतभाऊ, आजोबांच्या एका गाडीच्या दोन गाड्या झालेल्या, दोन्ही पाट्यांवर 'मूळ दुकान', दोघं पहाटे 4 ला उठणारे, दोघं सारखेच लबाड. आणि दोघांना एकच हवंय, आत्याने एकदा म्हणावं की दादांच्या, म्हणजे त्याच आजोबांच्या, हातची चव आली. आत्या दर रविवारी येते, कुणाला वाईट वाटू नये म्हणून दोन्हीकडे अर्धी अर्धी प्लेट खाते, आणि हे दोघं आपापल्या गाडीमागे भांडी घासायचं नाटक करत तिच्या लिंबाच्या फोडीकडे बघतायत, कारण दुसरी फोड मागितली म्हणजे पोहे फिके. त्या सीनमध्ये कुणी एक शब्द बोलत नाही, आणि मित्र सगळ्यात जास्त तिथेच हसला.

असे जोक उलट्या जोडीत येतच नाहीत. एकजण रात्री सराफ्यात जातो, दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री खाऊगल्ली असते तिथे, तोंडाला मफलर बांधून, दुसऱ्याच्या मसालेवाल्याला फोडायला. तर रांगेत पुढचा माणूसही मफलर बांधलेला. तो कोण हे आता सांगायला नको.

पण एकसारख्यांचा त्रासही सांगतो. सुरुवातीला कोण कुठला ते समजत नाही, त्यात मी नावं ठेवली मनोहर आणि मुकुंद, वाचणारे वैतागले, मग मुकुंदचा बापू केला. जोडी बसायला 10-12 पानं जातात. आणि एक तरी फरक असा लागतो जो दुखेल. माझ्याकडे मनोहरला हरलं तरी चालतं, फक्त कुणाला कळता कामा नये, आणि बापूला जिंकलेलं कुणी बघितलं नाही तर जिंकल्यासारखंच वाटत नाही. एवढ्याशा फरकावर मध्यंतरानंतरचं सगळं चालतंय.

तर 10-15 मिनिटांची शॉर्टफिल्म असेल, नाहीतर गणपतीत मंडळापुढे करायची एकांकिका, तर डोळे मिटून उलटी जोडी घ्या, तेवढ्या वेळात ती शिळी होत नाही आणि मागच्या रांगेतल्यालाही कळते. दोन तासांचं लिहित असाल तर एकसारखेच घ्या, कपडे नि बोलणं वेगळं ठेवा हवं तर, पण हवंय ते एकच ठेवा.

गुड्डूला मी टाकलं नाही बरं का. तो आता दोन गाड्यांच्या बरोब्बर मधे जिलबीची कढई लावून बसतो, पोहे कुणाचेही खा, जिलबी त्याचीच घ्यावी लागते.