काचवाल्याचा अभिप्राय: ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, ठाणे ते शीव

ठाण्यातल्या नौपाड्यात माझं काचांचं आणि फ्रेमिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. आठवड्यातून तीन वेळा तरी टेम्पो घेऊन ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने मुंबईत शीवपर्यंत (म्हणजे सायनला) जाणं होतं. जाताना तयार फ्रेमा, आरसे, शोकेसच्या काचा. येताना गोदामातून नव्या शिटा. लोक या रस्त्याचा हिशोब मिनिटांत करतात, मी धक्क्यांत करतो. मोटारीत बसलेल्याला जो खड्डा जाणवतसुद्धा नाही, तो माझ्या मागच्या मालाला बरोबर कळतो.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तरी एवढेच दिले असते, कारण जे सुधारायला हवं ते तसंच आहे.

आधी काच कशी नेतात ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. काच आडवी कधीच नेत नाहीत. आडवी ठेवली की तिचं स्वतःचं वजन मध्ये लोंबतं आणि एका दणक्यात ती पोटात तुटते. किंचित मागे रेलून उभी ठेवली तर धक्का कडेवर पेलला जातो. म्हणून टेम्पोत आम्ही लाकडी सांगाडा बसवलाय, उतरत्या छपरासारखा. खाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, दोन शिटांमध्ये वर्तमानपत्र, सगळ्यात बाहेरून आईने शिवलेली गोधडी. दोरी आवळायची ती बेतानेच, फार आवळली तरी काच तडकते. पाच एमएमची सहा बाय चार फुटांची एक शीट भरते अठ्ठावीस किलो. दहा शिटा घेतल्या की पावणेतीनशे किलो काच पाठीशी घेऊन तुम्ही पूल चढत असता.

आणि या हायवेवर पूल काही कमी नाहीत. पुलाचा सांधा हा माझा खरा विषय. उन्हात काँक्रीट फुगतं, गारव्यात आकसतं, म्हणून पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये फट ठेवावीच लागते. त्या फटीत पोलाद आणि रबर बसवतात. सांधा नवा असेल तर चाकाखाली नुसतं ‘टक’ होतं. पण त्याच्या दोन्ही अंगांचं डांबर झिजलं की पोलादाची कड बोटभर वर राहते आणि त्या ‘टक’चा ‘धाड्’ होतो. ठाण्याहून शीवला जाताना कुठला सांधा कुठे आहे ते मला डोळे मिटूनही सांगता येईल. पुतण्या गाडी चालवतो तेव्हा मी शेजारी बसून फक्त “आला” एवढंच म्हणतो आणि तो वेग पंचवीसवर आणतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

आता रस्ता ठाण्याकडून घेऊ. तीन हात नाक्याला मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे कित्येक वर्षं आम्ही पाहिले, तिथलं वळण सवयीचं झालंय. खरा बदल झाला तो कोपरी पुलावर. आधी चार-चार पदरी रस्ता रेल्वेवरच्या त्या जुन्या पुलापाशी येऊन दोन-दोन पदरी व्हायचा. ठाण्याच्या माणसाचं अर्धं आयुष्य त्या चिंचोळ्या तोंडाशी गेलं असं म्हटलं तरी चालेल. २०२३ मध्ये रुंदीकरण पुरं झालं आणि त्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा न थांबता पूल ओलांडला. घरी येऊन बायकोला मुद्दाम सांगितलं. या एका कामाला पैकीच्या पैकी गुण.

पुढे आनंदनगरचा नाका. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईत शिरणाऱ्या पाचही नाक्यांवर मोटारींचा टोल बंद झाला. तोवर मोटारीला ४५ रुपये पडायचे. पैशांपेक्षाही रांग टळली याचं समाधान मोठं. रांगेत गाडी दर चार फुटांवर पुढे सरकते आणि थांबते, त्या हिसक्यांनी काचेच्या कडा एकमेकींवर घासतात. हे टोलची चर्चा करणाऱ्यांच्या कधी ध्यानात आलं नसेल, पण माझ्या धंद्यात ते नुकसान धरावंच लागायचं.

मुलुंड ते कांजूर हा पट्टा सपाट आणि बऱ्यापैकी नीट आहे. पूर्वेला मिठागरं आणि खाडी, त्यामुळे पहाटे वारा लागतो. कांजूरपाशी कचराभूमीचा वास येतो, काचा वर करून निघायचं. तिथे राहणाऱ्यांना मात्र तसं निघून जाता येत नाही.

विक्रोळीवर मात्र थांबून लिहायला हवं. घाटकोपर ते विक्रोळी रस्त्याच्या कडेने टॅबेबुयाची झाडं आहेत, आपल्याकडे वसंतराणी म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये अशी फुलतात की पानं दिसत नाहीत, नुसता गुलाबी ढग. आरसा नेताना त्याचा चेहरा आत करून गोधडीने झाकावा लागतो, नाहीतर मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर ऊन फेकलं जातं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत दोरी सैल वाटली म्हणून सर्व्हिस रोडला उतरून टेम्पो उभा केला. गाठ सोडताना गोधडी घसरली आणि साडेपाच फुटी आरशात वरचं झाड अख्खं उतरलं. वर फुलं, आरशात फुलं, खाली रस्त्यावर पडलेली फुलं. बस स्टॉपवरच्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी त्यात स्वतःचे फोटो काढले. मी पाच मिनिटं गाठ मारली नाही.

आता घाटकोपरच्या छेडानगरपासून आनंदनगरपर्यंत उन्नत रस्ता व्हायचाय आणि त्यात ही झाडं जातील म्हणून लोकांनी आवाज उठवला. योग्यच केलं. ठाण्याहून जाणाऱ्याला नवा रस्ता हवाच आहे, मलाही हवाय. पण ही झाडं वाचवून आखणी करणं माणसाच्या हातात आहे, आणि तसं केलं नाही तर ठाण्यापासून शीवपर्यंत डोळा टेकवायला एकही जागा उरणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये विक्रोळीचा रेल्वेवरचा पूल सुरू झाला, त्यामुळे एलबीएस मार्गावरून हायवेला येणं सोपं झालंय, हेही नोंदवून ठेवतो. एलबीएस म्हणजे जुना आग्रा रोड. वडील सायकलला काच बांधून त्याच रस्त्याने जायचे.

साडेतीनच गुण का, ते आता सांगतो.

चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. घाटकोपर पूर्वेच्या एका आजींनी जुना आरसा दिला होता, सासूबाईंच्या वेळचा. कडेला तिरपी घासलेली जाड काच, मागची कलई जागोजाग उडालेली. कलई नव्याने करून, सागवानी चौकट लावून पोचवायला निघालो होतो. पाऊस बारीक पडत होता. घाटकोपरच्या अलीकडे एका पुलाच्या उतारावर सांध्याला लागून खड्डा पडला होता. त्यात कुणीतरी पेव्हर ब्लॉक भरले होते आणि भोवतालचं डांबर खचून एक ब्लॉक दातासारखा वर आला होता. पाणी साचल्यामुळे तो दिसलाच नाही. मी “आला” म्हणायच्या आत चाक चढलं आणि उतरलं.

मोठा आवाज झाला नाही. काच नेहमी मोठ्याने फुटत नाही. नखाने ताटली वाजवावी तसा एक बारीक ‘टिक्’.

“काका, ऐकलंत का?”

“ऐकलं. गाडी बाजूला घे.”

गोधडी बाजूला केली. खालच्या डाव्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघाली होती. मी बघत असतानाच ती दोन बोटं वर सरकली आणि थांबली. टॉर्च तिरपी धरली की दिसायची, सरळ धरली की नाहीशी व्हायची. पुतण्या पावसात उभा राहून रडकुंडीला आला होता.

आजींकडे गेलो, खरं ते सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, “तुम्हा दोघांना कुठे लागलं नाही ना रे?” मग आरशाजवळ बसून त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मीच त्यांचं बोट हळूच बाजूला घेतलं. म्हणाल्या, “वरचं दीड-दोन फूट तर शाबूत आहे. तेवढं कापून देता येईल का?” दुसऱ्या दिवशी दुकानात हिरकणीने, म्हणजे काच कापायच्या हत्याराने, कापला. जुनी काच कापताना हात थरथरला, सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदा. तो तुकडा आता त्यांच्या बेसिनच्या वर आहे. कामाचे पैसे मी घेतले नाहीत, त्यांनी पुतण्याच्या हातावर चिवड्याचा डबा ठेवला.

त्या खड्ड्याची तक्रार फोटोसकट नोंदवली. आठव्या दिवशी तक्रार निकाली काढल्याचं उत्तर आलं. नवव्या दिवशी मी तिथून गेलो, ब्लॉक तसाच. पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच उत्तर. गणपतीच्या आधी एकदाचं डांबर पडलं, तेही पावसात, ओल्या खड्ड्यात. चार दिवस टिकलं.

खड्डा बुजवायची रीत कुठल्याही मुकादमाला ठाऊक असते. कडा चौकोनी कापायच्या, आतलं पाणी आणि माती काढायची, डांबराचा पातळ हात मारायचा, मग माल भरून दाबायचा. पाणी हाच डांबराचा वैरी आहे. ते खडी आणि डांबर यांच्या मध्ये शिरतं आणि वरून जड गाड्यांची चाकं त्याला आणखी आत ढकलतात. मग ओल्या खड्ड्यात टाकलेला माल धरेल कसा? याच हायवेवर मुलुंडच्या पुढे एका उन्हाळ्यात रात्री काम करून नीट थर दिला होता, त्यानंतरचे दोन पावसाळे तो हललाही नाही. म्हणजे माणसं तीच, रस्ता तोच, आणि मनावर घेतलं तर होतं.

सांध्यांकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते २०१७ साली चेंबूरच्या अमर महल पुलावर सगळ्यांनी पाहिलंय. पुलाच्या सांध्यात बिघाड निघाला, पूल बंद ठेवावा लागला आणि कितीतरी महिने खालून वाहतूक मुंगीच्या पावलाने चालली. त्या दिवसांत मी शीवला जायला पहाटे चारला उठत होतो.

छेडानगरचे नवे पूल चांगले झालेत. २०२३ पासून अमर महलकडे जाताना तिथला सिग्नल लागत नाही. ईस्टर्न फ्रीवेवरून येणाऱ्या गाड्याही इथेच येऊन मिळतात, त्यामुळे संध्याकाळी गर्दी असतेच, पण पूर्वीसारखी कोंडी फुटता फुटत नाही असं होत नाही. याच छेडानगरला पेट्रोल पंपावर १३ मे २०२४ च्या वादळात ते अवाढव्य होर्डिंग पडलं आणि सतरा माणसं गेली. आम्ही त्या पंपावर कितीदा डिझेल भरलंय. अजूनही तिथून जाताना मी आणि पुतण्या बोलत नाही.

एक चांगला अनुभव छेडानगरच्याच पुलावरचा. गेल्या पावसाळ्यात चढावर टेम्पोची क्लचवायर तुटली. डावीकडे घ्यायलाही जागा नव्हती, मागून गाड्या अंगावर येत होत्या आणि आत बारा शिटा होत्या. एका बेस्टच्या बसड्रायव्हरने आमच्या मागे बस उभी केली, दिवे चमकत ठेवले आणि खिडकीतून ओरडला, “भाऊ, आरामात करा, मी आहे मागे.” बसमधली माणसं कामावर निघालेली, पण एकानेही कुरकूर केली नाही. चार-पाच जण उतरले आणि टेम्पो ढकलत पुलाच्या माथ्यापर्यंत नेला. तिथून उतारच होता. त्यांचे आभार मानायला नीट वेळही मिळाला नाही, म्हणून इथे मानतो.

कुर्ला, नेहरूनगर, चुनाभट्टी हा शेवटचा भाग चटकन सरतो. शीवजवळ आलं की पुन्हा गर्दी.

ज्यांना नाजूक माल न्यायचाय, मग तो केक असो, मूर्ती असो की म्हातारं माणूस, त्यांनी पहाटे साडेपाचच्या आत तीन हात नाका सोडावा. तेव्हा शीवपर्यंतचं विसेक किलोमीटर अंतर अर्ध्या तासात होतं आणि सांध्यावर वेग कमी केला तरी मागे कोणी नसतं. संध्याकाळी सहा ते साडेआठ दीड तास धरा. पावसाळ्यात डावीकडची मार्गिका टाळा, पाणी तिकडेच साचतं आणि खड्डे आधी तिथेच पडतात. पूल उतरताना ब्रेक सांध्याच्या आधी मारा, सांध्यावर नको, नाहीतर गाडीचं नाक खाली असताना धक्का बसतो आणि तो दुप्पट लागतो.

उद्या चुनाभट्टीला एका नाचाच्या क्लासचे चार आरसे न्यायचेत, प्रत्येकी सहा फूट उंच. रात्रीच बांधून ठेवलेत, गोधडी आणखी एक घेतलीय. पुतण्याला सव्वापाचला बोलावलंय.