गच्चीवरच्या बागेला राडारोडा: विटेचा चुरा घ्यावा की काँक्रीटचा?

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारती आता पुनर्विकासात पडताहेत. त्यांच्या भिंती भाजलेल्या विटांच्या असल्याने बागेसाठी राडारोडा वापरायचा तर संधी चांगली आहे. पाडकामातून दोन ढीग निघतात, विटेचा आणि काँक्रीटचा. फुकटचा माल म्हणून दोन्ही एकत्र टाकले, की घोळ सुरू होतो.

वीट सच्छिद्र असते. स्वतःच्या वजनाच्या 15-20 टक्के पाणी ती सहज पिते आणि मुळांना हळूहळू देते. जर्मनीत हिरव्या छपरांच्या मिश्रणात विटा-कौलांचा चुरा वर्षानुवर्षं वापरतात. कुंडीच्या तळाशी खापर घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

काँक्रीट मात्र चुना सोडतं. ताज्या फोडलेल्या खडीवरून उतरलेल्या पाण्याचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) 11-12 पर्यंत, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी जातो. आमच्या सोसायटीत कंत्राटदाराने अनंताच्या वाफ्याखाली ती पसरली. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. शिवाय पाणी निघायच्या जाळीवर पांढरा दगडी थर बसला, तो पेचकसाने खरवडून काढावा लागला.

म्हणून काँक्रीट टाकाऊ ठरत नाही. पायवाटेखाली आणि पार्किंगच्या भरावात ते विटेपेक्षा कितीतरी सरस, वीट तिथे चाकाखाली भुगा होते. आयएस 383:2016 या भारतीय मानकानुसार साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत पुनर्वापराची जाडी खडी चालते, कमी सिमेंटच्या लीन काँक्रीटमध्ये तर 100 टक्के.

गच्चीवर खरा प्रश्न वजनाचा. आयएस 875 प्रमाणे वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी धरलेला भार चौरस मीटरला सुमारे 150 किलो. भिजलेल्या मातीचा 10 सेंटिमीटर थरच 180-200 किलो भरतो. विटेचा चुरा कोकोपीट आणि कंपोस्टमध्ये मिसळला तर वजन बरंच उतरतं, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पहिली गोणीही वर चढवू नका.

माझा कौल: झाडाखाली वीट, पायाखाली काँक्रीट. विटांना चिकटलेलं प्लास्टर आणि पीओपी आधी हाताने वेगळं करा. मग मूठभर चुरा रात्रभर बादलीत भिजवा आणि सकाळी त्या पाण्यात लिटमस बुडवा. लाल पट्टी गडद निळी झाली, तर तो माल झाडांपासून लांबच ठेवा.