जेट बोटीच्या अलार्मसाठी कोड रीडर : दोन हंगामांच्या वापरानंतर

जेट बोटीत इंजिनाचा अलार्म वाजला की चालकापुढे एकाच वेळी दोन अडचणी उभ्या राहतात. इंजिन वाचवायचे तर ते तत्काळ बंद करावेसे वाटते. पण या बोटीला बहुधा वेगळे सुकाणू नसते, मागच्या नोझलमधून सुटणारा पाण्याचा झोत जिकडे वळेल तिकडे ती वळते, आणि म्हणून इंजिन बंद पडले की दिशाही हातची जाते. अलार्म नेमका कशासाठी वाजत आहे हे लवकर कळण्याची निकड त्यामुळे येथे फार मोठी आहे. त्या गरजेपोटी मी इंजिनाच्या संगणकाला केबलने जोडायचा, हातात मावणारा आणि त्या संगणकाने नोंदलेले दोषांचे सांकेतिक क्रमांक, म्हणजे कोड, वाचून दाखवणारा एक कोड रीडर घेतला आणि दोन हंगाम तो नियमित वापरला. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका नावाबद्दल नसून या प्रकारच्या उपकरणाकडून काय अपेक्षा ठेवावी याबद्दल आहे.

जोडणी सोपी आहे. इंजिनाजवळचा निदानाचा कनेक्टर शोधून त्यावरचे टोपण काढायचे, केबल बसवायची आणि किल्ली फिरवायची, एवढ्यावर पडद्यावर चालू दोष आणि साठवलेले जुने दोष अशा दोन याद्या येतात. या दोन याद्या वेगळ्या दिसतात ही या रीडरची पहिली जमेची बाजू, कारण मागच्या हंगामात कधीतरी नोंदला गेलेला दोष आणि आत्ता बझर वाजवणारा दोष यांची गल्लत झाली, तर दुरुस्तीची दिशाच चुकते. उन्हात मात्र पडदा नीट वाचता येत नाही, आणि बोटीवरचे काम बहुतेक उन्हातच असते. ही उणीव लहान नाही.

त्याची खरी परीक्षा पहिल्या हंगामात झाली. बोट वेगात असताना सलग बझर वाजू लागला आणि इंजिनाने स्वतःहून फेरे कमी केले. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून संगणक असे करतो. त्या अवस्थेत कितीही रेस दिली तरी वेग वाढत नाही. मंद गतीने काठ गाठून रीडर लावला, तर त्याने इंजिन जास्त तापल्याचा कोड दाखवला. मी तापमानाचा सेन्सर बदलला. पुढच्याच फेरीत अलार्म पुन्हा वाजला. दोष सेन्सरमध्ये नव्हताच. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी अर्धवट चिकटली होती, आणि उथळ पाण्यात इंजिन सुरू केल्याने शोषली गेलेली वाळू थंडाव्याच्या पाण्याच्या गाळणीत साचली होती. अनेक जेट बोटींत इंजिन थंड ठेवणारे पाणी जेट पंपाच्याच दाबावर येते, तेव्हा जाळी तुंबली की बोटीचा जोर आणि इंजिनाचा थंडावा दोन्ही एकदमच कमी होतात. रीडरने सांगितले ते खोटे नव्हते. इंजिन तापले होते, एवढेच त्याला ठाऊक होते. जाळीपाशी काय अडकले आहे हे कळण्याची कोणतीही सोय त्याच्याजवळ नाही.

या अनुभवानंतर मी कोडपेक्षा लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे क्षणोक्षणीचे आकडे, अधिक पाहू लागलो, आणि माझ्या मते या उपकरणाचे सारे मोल तेथेच आहे. तापमानाचा आकडा किती आहे यापेक्षा तो कसा चढतो हे पाहावे. मंद गतीवर ठीक असलेला आकडा वेग वाढवल्यावर दोन-चार मिनिटांत सावकाश चढत गेला, तर पाण्याच्या वाटेत कोठेतरी अडथळा आहे किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, पूर्ण उघडत नाही, असे समजून शोध सुरू करता येतो. उलट तो एका क्षणात नेहमीच्या पातळीवरून टोकाला गेला आणि तसाच परत आला, तर सेन्सर, त्याची तार किंवा गंजलेला कनेक्टर यांच्यावर संशय घ्यावा, कारण लोखंड आणि पाणी यांचा एवढा मोठा ऐवज एका सेकंदात तापत नाही आणि निवतही नाही. शंका राहिलीच तर इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या आवरणाचे तापमान मोजून रीडरच्या आकड्याशी ताडून पाहावे. बाहेरचे पाणी थेट फिरवणाऱ्या इंजिनांत थर्मोस्टॅट साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसचा असतो, त्यामुळे मोटारीच्या सवयीने ९० अंशांना सर्वसाधारण मानणे येथे धोक्याचे ठरते.

तेलाच्या दाबाच्या अलार्मबाबत मात्र मी रीडर जोडण्याचीही वाट पाहत नाही. बोट सुरक्षित जागी आहे याची खात्री होताच इंजिन बंद करून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, पाहतो. तेल कमी असणे हे कारण सर्वांना सुचते. ते गरजेपेक्षा जास्त भरले गेले तरी फिरत्या क्रँकने, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याने, त्याचा फेस होऊन दाब पडू शकतो, हे सहसा लक्षात येत नाही. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे आणि ते इंजिन पुन्हा सुरू करणे योग्य नाही. पातळी आणि रंग दोन्ही ठीक असतील, तर सेन्सर काढून त्या जागी साधा यांत्रिक दाबमापक बसवून खरा दाब पाहावा. ही खात्री रीडर देऊ शकत नाही, कारण तोही त्याच संशयित सेन्सरचेच म्हणणे वाचून दाखवतो.

दुसऱ्या हंगामात एकदा परस्परांशी काहीच संबंध नसलेले पाच कोड एकदम आले. अशा वेळी एकेका कोडच्या मागे लागू नये. रीडरवर व्होल्टेजचा आकडा पाहिला, तर इंजिन चालू असूनही तो १२ च्या आसपास रेंगाळत होता. चार्जिंग नीट असेल तर तो साधारण १३.८ ते १४.४ असायला हवा, आणि पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ दाखवते. बॅटरीचे आणि अर्थिंगच्या तारेचे टोक गंजले होते. ते घासून घट्ट केल्यावर पाचही कोड गेले व परत आले नाहीत. हे काम रीडरमुळे पंधरा मिनिटांत झाले, आणि त्यासाठी मी त्याचा मनापासून ऋणी आहे. एक सूचना येथेच करतो : कोड पुसण्याचे बटण फार हाताशी आहे, म्हणून पुसण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, नाहीतर मेकॅनिकसाठी काहीच माग उरत नाही.

सोबतची माहितीपुस्तिका निराशाजनक आहे. तिच्यात कोडचे अर्थ एका ओळीत दिले आहेत, तपासण्याचा क्रम कोठेच नाही, आणि जाळीत हात घालण्याआधी इंजिन बंद करून किल्ली व सुरक्षा दोरी (जी सुटली की इंजिन बंद पडते) काढून घ्यावी, ही सर्वांत महत्त्वाची ताकीदही नाही. बंदिस्त जागेतल्या पेट्रोल इंजिनाच्या बोटीत निदानासाठी वारंवार इंजिन सुरू करावे लागते, तेव्हा प्रत्येक वेळी आधी किमान ४ मिनिटे ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या जागेतली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवून पेट्रोलची वाफ बाहेर काढायची असते. त्याचाही उल्लेख नाही. काठावर नळीने पाणी देऊन तपासणी करताना बऱ्याच जेट बोटींत आधी इंजिन सुरू करून मग पाणी सोडावे आणि थांबवताना आधी पाणी बंद करावे लागते, अन्यथा सायलेन्सरच्या वाटेने पाणी इंजिनात शिरू शकते. नवख्या माणसाच्या हाती हे उपकरण पडणार असेल, तर एवढे तरी छापायला हवे होते.

जुन्या, कार्ब्युरेटरच्या इंजिनासाठी हा रीडर निरुपयोगी आहे, कारण तेथे वाचायला संगणकच नाही. त्या बोटींत बझर बहुधा तापमान आणि तेलाचा दाब यांच्या दोन स्विचांना थेट जोडलेला असतो. संबंधित स्विचची तार क्षणभर काढून पाहावी. आवाज थांबला तर तक्रार इंजिनाची किंवा स्विचची आहे, आणि न थांबला तर तार वाटेत कोठेतरी धातूला टेकली आहे. अशा बोटीत किल्ली फिरवताच बझर वाजायला हवा आणि इंजिन सुरू होऊन दाब येताच थांबायला हवा. तो मुळीच वाजला नाही, तर बोट पाण्यात नेऊ नये.

संगणक असलेल्या इंजिनाच्या मालकाने हा रीडर घ्यावा, असे माझे मत आहे. पाचपैकी साडेतीन गुण मी त्याला देतो. दीड गुण पडदा आणि पुस्तिका यांच्यापायी गेला. माझ्या बोटीत तो आता गाळणी उघडण्याच्या पान्याशेजारी ठेवलेला असतो, आणि तापमानाचा अलार्म वाजला की इंजिन थांबवून, किल्ली खिशात टाकून मी आधी जाळी व गाळणी पाहतो, मग केबल जोडतो.