हिवाळ्यातली निवांत सकाळ : तुंग की तिकोना?

पुण्याहून निघालं की पवना धरणाच्या अलीकडे तिकोना किल्ला, पलीकडे तुंग. दोन्हींची उंची साडेतीन हजार फुटांच्या आसपास. दोघंही पवन मावळचे पहारेकरी, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मुघलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत दोघांचीही नावं. चढायला दोन्ही तास-सव्वा तासाचे. म्हणजे कागदावर निवड करायला फारसं काही नाहीच. फरक कळतो तो डिसेंबर-जानेवारीत, पहाटे निघालात तर.

तिकोना आधी. कामशेत स्टेशनपर्यंत लोकल, पुढे तिकोना पेठ. स्वतःची गाडी नसेल तर हाच सोयीचा. वाटेत वेताळ दरवाजा, चपेटदान मारुती, चुन्याचा घाणा, लेणं, पाण्याची टाकी, वर महादेवाचं देऊळ. पाहायला एवढं काही असल्यामुळे मुलं कंटाळत नाहीत. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या मात्र उंच आणि उभ्या, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी उतरताना घाई करू नये. अडचण एकच, हे सगळं सगळ्यांनाच माहीत आहे. रविवारी नऊनंतर त्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना वाट देत उभे असतात. त्यात कुणाच्या तरी सॅकमधून स्पीकर वाजतच असतो.

तुंगचं दुसरं नाव कठीणगड. लांबून त्याचा सुळका पाहिला की नाव पटतं, चढल्यावर तेवढं पटत नाही. तुंगवाडीच्या मारुतीपासून वाट डोंगराला वळसा घालत जाते, मग दरवाजा, गणपतीचं देऊळ आणि शेवटचा खडा टप्पा. खरी काळजी इथेच घ्यायची. पावसाळ्यातला चिखल हिवाळ्यात सुकून भुसभुशीत होतो आणि वाळल्या गवताखाली घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी माती-खडी, दिसत नाही. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून येऊ नका. माथा एवढासा, तुंगाई देवीचं छोटं देऊळ आणि भोवती चार पावलं जागा. पण खाली तिन्ही बाजूंनी पवनेचं पाणी, त्यावर धुक्याची साय, समोर तिकोना, लोहगड, विसापूर. कारवीची वाळकी काटकं वाऱ्यावर खडखडतात, तेवढाच आवाज.

तेवढाच, पण आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवारी रात्री धरणाकाठच्या तंबूंमधली गाणी पाण्यावरून थेट वर ऐकू येतात, त्यामुळे तिथे मुक्काम करून पहाटे चढायचा बेत असेल तर शनिवार टाळा.

तुंगला जायची सोय मात्र बेताची. लोणावळ्याहून घुसळखांब मार्गे गाडीनेच जाणं बरं. एसटीच्या भरवशावर राहिलात तर परतीचं गणित हमखास चुकतं. पाणी दोन लिटर घरूनच न्या. पिठलं-भाकरी हवी असेल तर चढायच्या आधीच वाडीत सांगून ठेवा, ऐनवेळी चूल पेटवायला लावू नका.

पहिलाच किल्ला असेल, बरोबर आई-बाबा किंवा मुलं असतील, तर तिकोना. मात्र सात वाजता पायथ्याशी. एकटे किंवा दोघंच असाल आणि रजा टाकायची तयारी असेल, तर मी तुंगच सांगेन. आणि लोहगडाचं म्हणाल, तर २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथे एकदा नक्की जा, पण शांततेसाठी नको.